स्टार ट्रेकच्या इतिहासात इलॉन मस्क: लॉर्काची ती यादी तुम्हाला पटते का?

चांदणचुरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यापासून मी आणि माझी तेरा वर्षांची लेक 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' ही अंतराळमालिका पहिल्यापासून बघतोय. मी दुसऱ्यांदा, ती पहिल्यांदाच. काल चौथा भाग झाला. साल २२५६. क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासीयांशी युद्ध पेटलंय, कॉर्व्हान २ या खाणींच्या वसाहतीवर हल्ला झालाय, आणि फेडरेशनचं, म्हणजे पृथ्वी आणि इतर ग्रहांच्या संघाचं, ४० टक्के डायलिथियम (यानांना लागणारं खनिज) तिथूनच येतं. वेळेत पोचायचं तर बुरशीच्या जाळ्यातून उडी मारणारं नवं इंजिन वापरावं लागणार. ते बनवणारा स्टॅमेट्स म्हणतो, अजून त्याचा भरवसा नाही. तेव्हा डिस्कव्हरी यानाचा कॅप्टन लॉर्का त्याला डिवचतो: इतिहासाने तुला कसं लक्षात ठेवावं? राइट बंधू, इलॉन मस्क, झेफ्रम कॉक्रन यांच्या रांगेत, की फसलेला बुरशीतज्ज्ञ म्हणून?

लेकीने तिथेच थांबवलं. "आई, मस्क तर खरा आहे ना? मग तो या यादीत कसा?"

ऑक्टोबर २०१७ मध्ये हा भाग आला तेव्हा मी हसून पुढे गेले होते. काल मात्र मलाही खटकलं. राइट बंधू आपल्या इतिहासातले, कॉक्रन स्टार ट्रेकच्या कल्पनेतला (प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं पहिलं यान बनवणारा), आणि मधे एक जिवंत माणूस, ज्याची गोष्ट अजून चालूच आहे. कल्पित भविष्याने जिवंत माणसाला असा निकाल देऊन टाकावा का? तुम्हाला काय वाटतं?

पुणेरी_प्रोटॉन

पहिला! चांगला विषय. मला ते नाव तेव्हाही खटकलं होतं. लेखकांना प्रेक्षकाच्या ओळखीचं काहीतरी द्यायचं होतं, एवढंच. स्टार ट्रेकमध्ये कायम तीन नावांची माळ असते, दोन खरी आणि तिसरं त्यांच्या विश्वातलं. तिसरं नाव खरं वाटावं म्हणून आधीची दोन. इथे फक्त मधलं नाव जरा घाईने उचललं.

वक्रगती

घाईने कसं? २०१७ साल आठवा. ३० मार्चला मस्क यांच्या स्पेसएक्सने आधी उडून परत आलेला बूस्टर पुन्हा उडवला. कक्षेत उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचा पहिला टप्पा परत वापरायची ती पहिलीच वेळ. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला होता. ते थेट प्रक्षेपण मी पहाटे बघितलं होतं आणि अंगावर काटा आला होता. त्या वर्षी लिहायला बसलेल्या माणसाला दुसरं कोणतं नाव सुचलं असतं, सांगा!

मस्क यांनी पुढे काय केलं, २०२२ मध्ये ट्विटर घेतलं, राजकारणात उतरले, हे २०१७ च्या लेखकाला कुठून कळणार?

ओवी_२१

@वक्रगती, तुम्ही तर चांदणचुरा यांचाच मुद्दा सिद्ध केलात. कळणार नव्हतं, म्हणूनच लिहायला नको होतं.

कोकणी_क्लिंगॉन

क्लिंगॉन पक्षातर्फे निषेध. आमचं युद्ध चालू असताना तुम्ही मस्कवर चर्चा करताय. कापलाऽऽ!

वाचतोय. खुर्ची सरसावून बसलोय.

सह्यकडा

थांबा, मुख्य गोष्ट राहिली. (चांदणचुराताई, पुढचं लेकीला वाचायला देऊ नका, रहस्यभेद आहे.)

लॉर्का आपल्या विश्वातला नाहीच! जानेवारी २०१८ मधल्या भागांत उघड होतं की तो आरसा-विश्वातून आलाय, जिथे फेडरेशनच्या जागी क्रूर साम्राज्य आहे. म्हणजे ती यादी त्याच्या इतिहासातली. त्या साम्राज्याच्या इतिहासात मस्क थोर असेल, आपल्या नाही. विषय संपला.

पुणेरी_प्रोटॉन

हे भारी आहे! दंडवत.

ओवी_२१

संपला नाही, सह्यकडादादा. दुसऱ्या सीझनमध्ये डिस्कव्हरीवरची तरुण अधिकारी टिली तिच्या लहानपणीची मैत्रीण मे हिला आठवते. त्या दोघींच्या शाळेचं नाव काय होतं? मस्क ज्युनिअर हायस्कूल. टिली शंभर टक्के इकडच्या विश्वातली आहे. शिवाय स्टॅमेट्सही लॉर्काला "कोण मस्क?" असं विचारत नाही. म्हणजे इकडेही तो माणूस शाळेला नाव देण्याइतका मोठा धरलाय.

सह्यकडा

अरेच्चा. शाळा विसरलोच होतो. माघार घेतो.

नागपुरी_संत्रं

अवांतर: जिवंत माणसांचा आणि स्टार ट्रेकचा संबंध नवा नाही. १९९३ मध्ये स्टीफन हॉकिंग 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये स्वतःच स्वतः म्हणून आले. डेटा या यंत्रमानवासोबत न्यूटन, आइन्स्टाइन आणि हॉकिंग पत्ते खेळताहेत! न्यूटन आणि आइन्स्टाइनचं काम नटांनी केलं, हॉकिंग मात्र खरे. त्याच वर्षी मे जेमिसन या खऱ्या अंतराळवीर एका भागात छोट्या भूमिकेत दिसल्या. २०१६ च्या चित्रपटात ॲमेझॉनचे जेफ बेझोस परग्रहवासीयाच्या मुखवट्याआड होते, ओळखूही आले नाहीत.

यानांची नावं बघा. छोट्या शटलला 'ओनिझुका' नाव दिलं ते १९८६ च्या चॅलेंजर अपघातात गेलेल्या एलिसन ओनिझुकांचं. 'एल-बाझ' हे अपोलो मोहिमेसाठी चंद्रावरच्या उतरण्याच्या जागा निवडणाऱ्या फारूक एल-बाझ यांचं, आणि ते तेव्हा हयात होते. मग त्यावर कुणी आक्षेप का घेतला नाही?

चांदणचुरा

संत्रं, फार छान माहिती, आणि प्रश्नही बरोबर आहे. विचार केला. हॉकिंगना तिथे पत्ते खेळवलं, निकाल दिला नाही. एल-बाझ यांचं काम झालेलं होतं, चंद्रावर माणसं उतरून परत आली होती. लॉर्काच्या ओळीत निकाल आहे. राइट बंधूंच्या आणि अंतराळात प्रकाशापेक्षा वेगाने जाणं शोधणाऱ्याच्या मधोमध बसवलंय. फरक मला तिथे दिसतो.

मीठभाकर

राइट बंधूंवरून आठवलं. त्यांच्या आधी, १८९५ मध्ये, आपल्या गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं होतं. त्यांचं नाव घेणारा एकही कॅप्टन अजून भेटला नाही. यादी कोण करतो, त्यावर सगळं असतं.

टूलरूमवाला

@मीठभाकर, तळपद्यांबद्दल मलाही लहानपणापासून जिव्हाळा आहे, वडील ती गोष्ट फार रंगवून सांगायचे. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला लोक देतात, त्याचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातल्या आराखड्यांची विमानं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष आला. प्रेम असावं, पण मोजमाप सोडू नये.

पुरावा असूनसुद्धा नाव पुसलं जाऊ शकतं, हे मात्र तुमचं खरं. स्वतः राइट बंधूंचंच बघा. १७ डिसेंबर १९०३ ला ते उडाले. त्याच्या नऊ दिवस आधी सॅम्युअल लँगली यांचं यंत्र माणसासकट पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. लँगली स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. पुढे १९१४ मध्ये त्या यंत्रात बदल करून ते थोडंसं उडवून दाखवलं गेलं आणि संस्थेने 'माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असं पहिलं विमान' म्हणून ते मांडून ठेवलं! ऑरव्हिल इतके दुखावले की १९२८ मध्ये त्यांनी आपलं विमान देशाबाहेर, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवून दिलं. संस्थेने चूक मान्य केली ती १९४२ मध्ये. विमान परत येऊन तिथे मांडलं गेलं ते १९४८ च्या डिसेंबरात. ऑरव्हिल त्याच वर्षीच्या जानेवारीत गेले होते.

म्हणजे लॉर्काच्या यादीतलं जे सर्वांत पक्कं नाव, त्यालाही यादीत यायला जवळजवळ चाळीस वर्षं भांडावं लागलं.

मीठभाकर

हे माहीत नव्हतं. धन्यवाद काका. तळपद्यांचा मुद्दा तूर्तास मागे.

सॅनहोजेकर

इथल्या एका गोष्टीवर बोलायलाच हवं. राइट बंधूंनी विमान स्वतः बांधलं आणि स्वतः चालवलं. कॉक्रनने 'फिनिक्स' बांधलं आणि ५ एप्रिल २०६३ ला स्वतः उडवलं. मस्क यांचं काम वेगळ्या जातीचं आहे. टेस्ला कंपनी २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी काढली, मस्क २००४ मध्ये गुंतवणूकदार म्हणून आले. स्पेसएक्स २००२ मध्ये त्यांनीच काढली, पण त्यांच्या रॉकेटच्या मर्लिन इंजिनामागचा मुख्य माणूस टॉम म्युलर. हौस म्हणून स्वतः रॉकेट इंजिनं बनवणारा.

मी इथे सॅन होजेत वीस वर्षं नोकरी करतोय. कंपनीचा प्रमुख म्हणजेच शोध लावणारा, ही समजूत इथे इतकी मुरली आहे की तेविसाव्या शतकातही ती शिल्लक राहील असं लेखकांना वाटलं, याचं मला नवल नाही. वाईट वाटतं.

वक्रगती

सॅनहोजेकर, इथे मी भांडणार. २००६, २००७ आणि ऑगस्ट २००८, अशी फाल्कन १ ची तीन उड्डाणं ओळीने फसली. चौथं २८ सप्टेंबर २००८ ला कक्षेत गेलं. खासगी कंपनीने तयार केलेलं द्रव इंधनाचं रॉकेट कक्षेत जायची ती पहिली वेळ. तीनदा फसल्यावर चौथ्यांदा पैसा लावायला छाती लागते. म्युलर यांचं इंजिन त्याशिवाय उडालंच नसतं. तुम्हाला इंजिन बनवणारा हवा, तर पैज लावणाराही मोजा.

सॅनहोजेकर

मोजतोच. पण मग त्याच डिसेंबरात नासाने १.६ अब्ज डॉलरचं मालवाहतुकीचं कंत्राट दिलं, तेही मोजा. तो जनतेचा पैसा. यादीत मग 'राइट बंधू, अमेरिकन करदाते, झेफ्रम कॉक्रन' असं लिहावं लागेल!

कोकणी_क्लिंगॉन

"इतिहासाने तुला अमेरिकन करदात्याच्या रांगेत लक्षात ठेवावं का?" स्टॅमेट्सने जागच्या जागी राजीनामा दिला असता.

नागपुरी_संत्रं

वक्रगती, तुम्ही म्हणता ते ऑगस्ट २००८ चं फसलेलं उड्डाण. त्यात कोण होतं माहितीय? स्कॉटी! मूळ मालिकेतल्या एंटरप्राइज यानाच्या या इंजिनिअरचं काम करणारे जेम्स डूहन २००५ मध्ये गेले. त्यांच्या अस्थींचा काही भाग त्या रॉकेटमध्ये होता. पहिला टप्पा सुटा झाला, पण इंजिनात थोडा जोर उरला होता, त्यामुळे तो मागून दुसऱ्या टप्प्यावर आदळला. मे २०१२ मध्ये फाल्कन ९ मधून पुन्हा अस्थी पाठवल्या, तेव्हा त्या कक्षेत पोचल्या.

आणखी एक. २००८ मध्ये स्वतःच्या पैशाने अवकाश स्थानकावर गेलेले रिचर्ड गॅरियट, हे व्हिडिओ गेम बनवणारे उद्योजक. त्यांनी डूहन यांच्या थोड्या अस्थी छायाचित्रांच्या लॅमिनेट केलेल्या कार्डात घालून, कुणाला न सांगता नेल्या आणि स्थानकाच्या कोलंबस कक्षाच्या जमिनीखाली एक कार्ड ठेवलं. जगाला हे २०२० मध्ये कळलं. डूहन यांच्या मुलाची इच्छा होती की वडील तिथे पोचावेत.

चांदणचुरा

संत्रं, हे वाचून डोळे भरून आले. मी लहान असताना रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं. इंग्रजी अर्धं कळायचं नाही, पण स्कॉटी इंजिनाची काळजी कशी घेतो ते कळायचं. आमच्या बाबांचा तो सर्वांत लाडका.

पुणेरी_प्रोटॉन

मस्क यांच्या कल्पनांवरून आपल्या मुंबई-पुण्याचा हायपरलूप (बंद नळीतून प्रचंड वेगाने धावणारी गाडी) आठवला. कल्पना त्यांनी २०१३ मध्ये मांडली, कंपनी मात्र दुसऱ्यांची. फेब्रुवारी २०१८ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन आले, पायाभरणी झाली, पंचवीस मिनिटांत पुणे! २०२३ अखेर ती कंपनीच बंद झाली. त्या वेळी कुणी मराठी विज्ञानकथा लिहिली असती आणि २१०० सालचा नायक हायपरलूपने दादरला निघाला असता, तर आज ती कथा पाच वर्षांतच जुनी झालेली दिसली असती. ओवीताईंचं म्हणणं मला इथे पटतं.

वक्रगती

आणि जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला कुठल्या रॉकेटने गेले? फाल्कन ९. इस्रोचा जीसॅट-एन२ उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये कशाने गेला? फाल्कन ९. काही कल्पना फसतात, काही आपल्या माणसाला कक्षेत नेतात. दोन्ही लिहा.

ओवी_२१

मराठी विज्ञानकथेचा विषय निघालाच आहे तर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. कथेने कथा म्हणून जिंकावं, नावाने नाही, यासाठी केलेली ती धडपड. आणि बक्षीस मिळालंच. मला लॉर्काच्या ओळीसमोर ही गोष्ट ठेवावीशी वाटते. एकीकडे प्रसंगात वजन यावं म्हणून बाहेरून उसनं आणलेलं नाव, दुसरीकडे स्वतःचं नाव बाजूला काढून उभी केलेली कथा.

सह्यकडा

+१. वाचनखूण साठवली.

टूलरूमवाला

सॅनहोजेकरांच्या मुद्द्याला एक दुरुस्ती. राइट बंधूंनीही एकट्याने बांधलं नाही. त्यांच्या सायकलीच्या दुकानात चार्ली टेलर नावाचा कारागीर होता. मोटारकंपन्यांनी हवं तसं हलकं इंजिन दिलं नाही, तेव्हा सहा आठवड्यांत त्याने ते बनवलं. साधारण १२ अश्वशक्तीचं, अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव खोक्याचं. हाताशी लेथ आणि ड्रिल, बस. क्रँकशाफ्ट कसा काढला ते वाचून मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं होतं. पोलादाच्या जाड पट्टीवर आकार आखला, त्या रेषेवर ओळीने भोकं पाडली, हातोडा-छिन्नीने जादा भाग पाडला आणि मग लेथवर घेतला. तयार शाफ्ट १९ पौंडांचा.

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये होतो. आम्ही एक डाय (साचा) बनवला होता, आठ महिने लागले. उद्घाटनाच्या दिवशी हार कुणाला घातले ते सांगत नाही, पण ज्याच्या हातांनी फिनिशिंग झालं तो त्या वेळी दुसऱ्या पाळीत मशीनवर होता. त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र अजून झोंबतं.

सॅनहोजेकर

काका, दुरुस्ती आनंदाने मान्य. टेलर यांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, आणि मी इंजिनिअर आहे.

मीठभाकर

स्टार ट्रेकने स्वतःच यावर आधी लिहून ठेवलंय, हे कुणी बोललं कसं नाही? १९९६ चा 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' बघा. एंटरप्राइजची मंडळी भूतकाळात जातात, कॉक्रन म्हणजे देवच समजून. भेटतो कोण? दारू पिणारा, बेभरवशाचा माणूस. एंटरप्राइजचा इंजिनिअर जॉर्डी त्याला सांगतो की इथे तुमचा पुतळा होणार आहे, तर तो जंगलात पळून जातो! स्पष्ट म्हणतो की मी हे पैशासाठी केलं. यान बनवलंय तेही टायटन क्षेपणास्त्रातून. थोर माणसाला पुतळा केलं की खरा माणूस हरवतो, हे ज्यांनी इतकं सुंदर दाखवलं, त्यांच्याच मालिकेत वीस वर्षांनी ही ओळ यावी?

शिवाय 'व्हॉयेजर'मधला हेन्री स्टार्लिंग. १९६७ मध्ये त्याला भविष्यातलं कालयान सापडतं, त्यातलं तंत्र उचलून तो संगणकसम्राट होतो. तो भागही १९९६ चाच. तेव्हा उद्योजक खलनायक होता, २०१७ मध्ये शाळेला नाव देण्याजोगा झाला. स्टार ट्रेक बदललं की आपण?

वक्रगती

मीठभाकर, हा प्रतिसाद आवडला. भांडण असलं तरी आवडला. पण तुम्हीच म्हणता, कॉक्रनने पैशासाठी केलं, तरी ते विश्व त्याला मान देतं. १९६७ च्या मूळ मालिकेतच कॅप्टन कर्क त्याला सांगतो की तुमच्या नावाचे ग्रह आहेत, विद्यापीठं आहेत, शहरं आहेत. मग एका शाळेला मस्कचं नाव असलं तर बिघडलं कुठे? माणूस वाकडा असला तरी कामाचा मान राहू शकतो.

मीठभाकर

राहू शकतो. पण कॉक्रनचा शेवट आपल्याला माहीत आहे. इथे अर्धं पान लिहून झालंय.

चांदणचुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. मीठभाकर यांच्या सांगण्यावरून काल रात्री लेकीला 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' दाखवला. कॉक्रन पळाला तेव्हा ती खूप हसली. मग चित्रपट संपल्यावर म्हणाली, "पण लिली कुठे गेली?"

लिली स्लोन. कॉक्रनबरोबर ते यान उभारणारी. युद्धानंतर सगळं उद्ध्वस्त झालेलं असताना चार मीटरच्या कॉकपिटपुरतं टायटॅनियम गोळा करायला तिला सहा महिने लागले, असं ती स्वतः सांगते. एंटरप्राइजचा कॅप्टन पिकार्ड याला त्याच्या सूडाच्या वेडातून भानावर आणते तीही तीच. आणि लॉर्काच्या यादीत फक्त कॉक्रन.

मी तिला टूलरूमवाला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने वहीत लॉर्काचं वाक्य मराठीत पुन्हा लिहिलं: चार्ली टेलर, टॉम म्युलर, लिली स्लोन. "आता असं विचारलं असतं तर स्टॅमेट्स काय म्हणाला असता?" मला उत्तर देता आलं नाही. लॉर्का हे वाक्य मोठेपणाचं आमिष म्हणून टाकतो, आणि ही नावं आमिष म्हणून चाललीच नसती.

तर माझ्यापुरतं सांगते. मस्क यांचं नाव २०१७ मध्ये घेतलं याचा राग आता उरला नाही. वक्रगती, ते उड्डाण बघून तुमच्या अंगावर आला तसाच काटा त्या लेखकांच्याही आला असेल. मला खुपते ती यादीची घडण, प्रत्येक यंत्रामागे एकच नाव.

टूलरूमवाला

लेकीला माझा आशीर्वाद सांगा. त्या कॉकपिटचं टायटॅनियम कापलं कशाने असेल, हा विचार करतोय. साध्या हॅकसॉने दमछाक होते हो, धातू तापतो, पातं बोथट होतं.

चांदणचुरा

काका, तिने लगेच विचारलंय: मग कशाने कापतात?

टूलरूमवाला

कार्बाइडचं टूल, वेग कमी, फीड सलग, आणि कूलंट भरपूर. मधे थांबायचं नाही, थांबलं की पृष्ठभाग कडक होतो. सुट्टीत पुण्याला असाल तर घेऊन या, घरामागच्या शेडमध्ये माझा छोटा लेथ आहे. टायटॅनियम नाही, पण अ‍ॅल्युमिनियमच्या गजावर हात बसवून देतो.